भिंतीतला गव्हांडा

धारच्या जुन्या वस्तीत रस्ता रुंद करायचं काम निघालं की काही घरांचा दर्शनी भाग जातो आणि उरलेल्या घराचा छेद रस्त्यावर उघडा पडतो. कोनाडा अर्धा, जिना अर्धा, देवघराच्या भिंतीवरची हळदकुंकवाची बोटं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणारी. अशाच एका कापलेल्या मातीच्या भिंतीपुढे मी थांबले. भिंत चांगली दीड हात जाड. बाहेरच्या अंगाला रंगांची पुटं: वर अलीकडचा गुलाबी डिस्टेंपर, त्याखाली नीळ घातलेला चुना, त्याखाली पुन्हा चुना, मग शेणमातीचा हात. आणि आत, सगळ्या जाडीभर, पिवळट माती आणि तिच्यात गव्हाच्या काड्या. एक काडी नखाने मोकळी केली. करंगळीएवढी लांब, मधे एक पेर, साल अजून चकचकीत. मोडली तर कट्कन मोडली.

घर संस्थानी काळातलं. म्हणजे ज्या गव्हाची ही काडी, तो धारच्या पवारांच्या राज्यात पेरला, कापला आणि खाल्ला गेला. पुढे संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, 1956 साली मध्य प्रदेश झाला. शेतात पडून राहिलेली काडी पहिल्याच पावसात काळी पडते आणि दिवाळीपर्यंत दिसेनाशी होते. भिंतीतली ही तशीच राहिली, कारण चिकणमाती कोरडी असली की काडीतला ओलावाही स्वतःकडे ओढून घेते. काडी कुजवणाऱ्या बुरशीला पाणी लागतं. ते मिळालं नाही तर गव्हाच्या काडाला मरणाचं दुसरं फारसं कारण नसतं. आगीपासून मातीने झाकलेलंच असतं, आणि गाय भिंत खात नाही.

गाय भिंत खात नाही हे मात्र फार खात्रीने म्हणू नये. अमेरिकेत नेब्रास्का नावाचं राज्य आहे, तिथल्या वाळूच्या टेकड्यांच्या मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोक वस्तीला आले. झाडं नाहीत, लाकूड आणायचं तर रेल्वे दूर. शेजारच्या मुलखात लोक गवताच्या मुळांसकट मातीची ढेकळं कापून त्यांची घरं रचत, पण इथली माती वाळूची, ढेकूळ हातात धरेपर्यंत फुटायचं. त्याच सुमाराला घोड्यांनी फिरवायचं गठ्ठे दाबण्याचं यंत्र आलं होतं. गवताचे, काडाचे घट्ट चौकोनी गठ्ठे पडत. कुणाला तरी सुचलं की विटेसारखे हेच रचावेत. सुरुवातीला तात्पुरती सोय म्हणून रचले, मग वर मातीचा गिलावा केला, आणि ते घर उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार राहतं म्हटल्यावर तात्पुरतं म्हणायचं राहून गेलं. 1903 साली बांधलेलं असं एक घर कित्येक दशकं उभं होतं. 1928 सालचं एक चर्चही आहे. तिकडे फ्रान्समध्ये मॉन्टार्जी गावात 1920 सालचं गठ्ठ्यांचं घर अजून उभं आहे. आणि याच नेब्रास्कात एक शाळा होती, तिला गिलावा करायचं राहून गेलं म्हणून ती गाईंनी खाल्ली, असं सांगतात. ही हकिकत मला या सगळ्या विषयातली सगळ्यात विश्वासार्ह वाटते. गाईंना मी ओळखते.

माझं माहेर धारचं आणि सासर देवासचं. म्हणजे पवारांच्याच घरातून पवारांच्याच घरात, पण देवासला पुन्हा थोरली पाती आणि धाकटी पाती. एका गावात दोन राजे, दोन राजवाडे, टेकडीवर देवीही दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा. माळव्यात अठराव्या शतकात आलेले आम्ही मराठी लोक घरात मराठी, ओट्यावर माळवी आणि कचेरीत हिंदी बोलतो, आणि ज्वारीच्या भाकरीऐवजी कणकेचे बाफले खायला लागून कैक पिढ्या झाल्या. घरं मात्र जाताना बरोबर नेता येत नाहीत. जिथे गेलो तिथल्या मातीची झाली.

त्या मातीचं काम मी माहेरी अगदी जवळून पाहिलं आहे. मागच्या अंगणातली गोठ्याची भिंत पावसात बसली होती. आजीने गारा करायला कुक्षीकडचा एक म्हातारा बोलावला. त्याने आधी माती नाकारली. आमच्या शेतातली काळी माती त्याने मुठीत दाबली आणि टाकून दिली. काळी माती कपाशीची, गव्हाची. पाणी प्याली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा देते. घराला ती चालत नाही. नाल्याच्या काठची पिवळी आणली. तिचा ढीग, ढिगाला मधे आळं, आळ्यात पाणी. दुसऱ्या दिवशी वर खाखला पसरला. गव्हाच्या भुश्शाला आमच्याकडे खाखला म्हणतात. मग तो आणि त्याची सून पायांनी तुडवायला लागले. टाच आधी, मग चवडा, पाय काढताना एक चोखल्यासारखा आवाज. फावड्याने उलटायचं, पुन्हा तुडवायचं, पुन्हा पाणी. मग झाकून ठेवून दिलं.

आजीला घाई होती, पाहुणे यायचे होते. ती रोज विचारी, "दादा, आता लावायचं का?" तो गाऱ्याचा गोळा उचलायचा, नाकाशी न्यायचा आणि म्हणायचा, "गारो अबी पाक्यो नी, माजी." पिकलेल्या गाऱ्याला आंबूस वास येतो. भुसा कुजायला लागतो, त्यातून चिकटपणा सुटतो, काडीची ताठर साल मऊ पडते आणि माती तिला धरते. शेवटी एके दिवशी त्याने गोळा खांद्याइतक्या उंचीवरून खाली सोडला. तो चपटा झाला, पण फुटला नाही. मग काम सुरू झालं. एका वेळी हातभर उंचीचा थर, तो वाळला की वर दुसरा. घाईत दोन थर एकदम घेतले तर खालचा पोट सोडतो.

ओल्या मातीची भिंत वाळताना आकसते, आणि आकसताना तिला कुठेतरी फाटावंच लागतं. भुसा नसेल तर ती एकाच जागी, मोठी फाटते. भुसा असेल तर तीच फाट शेकडो काड्यांत वाटली जाऊन केसाएवढ्या बारीक रेषा होतात, त्यावर लिंपणाचा एक हात फिरवला की संपलं. सिमेंटमध्ये लोखंडाची सळई जे काम करते ते इथे गव्हाचं काड करतं. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यातही गवत, वनस्पतींचे तंतू, भाताचं तूस सापडतं. म्हणजे आपल्याकडचं सगळ्यात सुंदर चित्रकाम शेवटी गोठ्याच्या भिंतीसारख्याच मालावर उभं आहे.

मग माळव्यात नेब्रास्कासारखे सबंध गठ्ठेच रचून घरं का झाली नाहीत? गहू इथे कमी नव्हता. पूर्वापार अन्नपाण्याची ददात नसलेला मुलूख म्हणून माळव्याची ख्याती. पण गव्हांडा कधी उरतच नसे. तो बैलांचा होता, म्हशीचा होता, उन्हाळ्याच्या अखेरीस तर गव्हापेक्षा त्याचीच काळजी असे. ज्याच्याकडे भुश्शाची कोठी भरलेली, त्याच्याकडे मुलगी द्यायला हरकत नाही. भिंतीच्या वाट्याला मूठमूठ यायचा. भिल्ल, भिलाला वस्त्यांत तर तेवढाही नाही. तिथे बांबूचा नाहीतर तुराट्यांचा कूड विणून दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपतात. तीही काडाचीच भिंत, फक्त काड वेगळं, जे गुरं खात नाहीत ते. आणि मळणीयंत्र आल्यावर तर लांब काडी राहिलीच नाही. यंत्र काडाचा बारीक भुसा करूनच बाहेर टाकतं. गुराला सोयीचा, गाऱ्याला उत्तम, पण दोरीत बांधून गठ्ठा करायला कुचकामी.

हे गेल्या काही वर्षांत बदललं. देवास जिल्हा एकेकाळी पाण्यासाठी इतका मेटाकुटीला आला होता की शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं. 2006 पासून तिथे शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत तळी खोदायला सुरुवात केली, जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या काळात, आणि त्या तळ्यांना रेवासागर नाव पडलं. पाणी आलं तसा रब्बीचा गहू वाढला. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू. बैल गेले, ट्रॅक्टर आले, कापणीला पंजाबकडून हार्वेस्टर येऊ लागले. हार्वेस्टर ओंबी घेतो आणि गुडघाभर काड उभं सोडून जातो. त्याला इकडे नरवाई म्हणतात. ज्याच्या दारात आता बैल नाही, त्याला त्या काडाचं काय करायचं कळत नाही. मग आगकाडी ओढतो. रब्बीनंतर नरवाई जाळण्यात गेल्या काही वर्षांत मध्य प्रदेश देशात आघाडीवर आहे. 2025 साली राज्य सरकारने जाहीर केलं की नरवाई जाळणाऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे पैसे मिळणार नाहीत. एप्रिलात रात्री इंदूरहून धारला जाताना दोन्ही बाजूंना आगीच्या सरळ रेघा दिसतात, आणि माळव्याची रात्र, जिच्या गारव्याची एकेकाळी वाखाणणी व्हायची, तिला धुराचा वास असतो.

म्हणजे इतिहासात पहिल्यांदाच माळव्यात गव्हांडा उरतो आहे. शेतातलं काड गोळा करून गठ्ठे बांधणारी बेलर यंत्रंही आली आहेत. म्हणून गठ्ठ्यांच्या घराचा विचार आत्ता करायचा. मला धार-देवासात असं एकही उभं घर माहीत नाही, तेव्हा पुढचं सगळं मी घर नसताना सांगते आहे, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

यंत्राशिवायही गठ्ठे होतात. 2005 साली काश्मीर आणि पाकिस्तानच्या उत्तर भागात मोठा भूकंप झाला. त्यानंतर डार्सी डोनोव्हन या अमेरिकन अभियंता बाईंनी तिथे काडाच्या गठ्ठ्यांची घरं बांधायला घेतली. बेलर नव्हता, तर गाडी उचलायच्या जॅकसारखा हाती चालणारा जॅक आणि एक पेटी, एवढ्यावर गठ्ठे दाबले. पायात खडीची पोती, गिलाव्याखाली भिंतीला मासेमारीचं नायलॉनचं जाळं. असं एक पूर्ण आकाराचं घर 2009 साली अमेरिकेत नेवाडा विद्यापीठाच्या हलत्या चौथऱ्यावर ठेवून हादरवलं. भेगा पडल्या, घर पडलं नाही. भूकंपात माणसं मरतात ती बहुतेक भिंतीच्या वजनाने. काडाची भिंत हलकी असते आणि वाकते, एवढंच त्यामागचं गणित.

आता माळव्यात कसं बांधावं. पाया काळ्या मातीत थांबवायचा नाही; मुरूम लागेपर्यंत जायचं, कारण काळी माती दरवर्षी घर थोडं उचलते आणि थोडं खाली ठेवते. जोतं काळ्या दगडाचं, जमिनीपासून निदान दोन फूट वर. त्यावर डांबरी कागद, म्हणजे खालची ओल चढणार नाही. दगडाचा एक कंगोरा बाहेर उघडा ठेवायचा. वाळवी मातीची नळी करून चढते, ती त्या कंगोऱ्यावर दिसते आणि झाडूने पाडता येते. नजरेआड झाली की मग ती घर खाणारच, लाकडाचं असो की काडाचं.

मग भिंतींआधी छप्पर. इथे नेब्रास्कापेक्षा आपला वाडा जास्त कामाचा. तिकडच्या जुन्या घरांत छप्पर थेट गठ्ठ्यांवर ठेवत. भिंत त्या भाराने दबून खाली बसेपर्यंत कित्येक आठवडे थांबावं लागतं आणि तेवढ्यात पाऊस आला तर सगळं वाया. आपल्याकडे वाड्यात खांब आणि तुळया छप्पर पेलतात, भिंत नुसती अडोसा देते. म्हणून तर जुन्या घरांच्या भिंती बसतात आणि घर उभं राहतं. तशीच चौकट उभी करायची, वर कवेलू किंवा पत्रा घालून घ्यायचा, पाखं तीन फूट बाहेर काढायची, आणि सावलीत, कोरड्यात गठ्ठे रचायचे.

गठ्ठा साधारण तीन फूट लांब, दीड फूट रुंद, फुटापेक्षा थोडा उंच. उचलून बघायचा. हातात लपकला तर परत पाठवायचा. दोरीखाली बोटं जेमतेम शिरली पाहिजेत. आत हात घालून बघायचा, ओलसर किंवा उबदार लागला तर तो गठ्ठा गोठ्यात जाऊ दे. काडात ओलावा वीस टक्क्यांच्या आत हवा. रचताना विटेसारखा सांधा मोडत न्यायचा. दोन्ही अंगांना उभे बांबू लावायचे आणि ते बांबू भिंतीच्या आरपार सुतळीने एकमेकांना शिवायचे. त्यासाठी भिंतीच्या जाडीपेक्षा लांब दाभण लागतं, पोती शिवायचं असतं त्याचा थोरला भाऊ. एक माणूस आत, एक बाहेर, दाभण आरपार जातं आणि परत येतं. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही. गावाकडच्या दोन जावांना हे काम उत्तम जमेल असं मला वाटतं.

आगीचं सगळे आधी विचारतात. सुटं काड भपकन पेटतं हे खरंच आहे, आणि म्हणून बांधकाम चालू असताना, जमिनीवर काड विखुरलेलं असताना, तिथे बिडी ओढणाऱ्या माणसाला कामावरून कमी करावं. पण दाबलेल्या गठ्ठ्यात हवा खेळती नसते. गिलावा केल्यावर तर आगीला आत शिरायलाही जागा नसते. उंदरांचं उत्तरही साधं आहे: उंदीर दाण्यासाठी येतो, काडासाठी नाही. मळणी नीट झालेली असावी आणि गिलाव्याला भोक राहू नये. बाथरूमची भिंत मात्र विटेचीच करावी, आणि पाण्याचा नळ काडाच्या भिंतीतून कधीही नेऊ नये.

गिलावा तीन हातांचा. पहिला पातळ गारा, तो तळव्याने काडात चोळून घालायचा. दुसरा जाड, त्यात भुसा भरपूर. तिसरा बारीक, वर चुना. इथे येऊन ती दोन घरं एकत्र येतात, गठ्ठ्यांचं आणि आमच्या आजीचं. आणि इथेच बहुतेक लोक चुकणार, कारण त्यांना सिमेंट हवं असेल.

माझ्या सासरी देवासला मातीच्या जुन्या भिंती होत्या. चुलतसासऱ्यांनी एका ठेकेदाराचं ऐकून त्यांना बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. दिसायला छान दिसलं. शेजारीपाजारी बघायला आले. दोन-तीन पावसाळे गेले आणि भिंतीवर बोटाच्या पेराने वाजवलं तर ती पोकळ वाजू लागली. एका श्रावणात सिमेंटचा सबंध पत्रा सुटून आला आणि त्याच्या पाठीला मातीचा थर चिकटून आला. मातीच्या भिंतीत ओलावा येतो आणि जातो, चुन्यातून, मातीतून बाहेर पडतो. सिमेंटने त्याची बाहेर पडायची वाट बंद केली. बारीक भेगांतून पाणी आत जायचं मात्र थांबलं नाही. काडाच्या भिंतीला असा गिलावा केला तर ती आतल्या आत कंपोस्ट होईल, आणि बाहेरून कळणार नाही.

पाणी या भागात नवीन शत्रू नाही. 1921 साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर देवासला थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खासगी सचिव म्हणून राहिले. त्यांच्या पत्रांत, जी 1953 साली पुस्तकात आली, एका नव्या राजवाड्याचं वर्णन आहे: एकीकडून बांधकाम चालूच आहे आणि दहा वर्षांपूर्वी बांधलेला भाग दुसरीकडून पडतो आहे. राजवाड्यात पैसा होता, माणसं होती, लक्ष नव्हतं. त्याच वर्षी चित्रकार नंदलाल बोस, असित हलदार आणि सुरेंद्रनाथ कर बाघच्या लेण्यांत बसून तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला उतरवत होते, ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्यासाठी. बाघ आज धार जिल्ह्यात आहे. तिथली चित्रंही जाड मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा हात देऊन काढलेली. मूळ चित्रकारांनी काही कमी केलं नव्हतं. पण लेण्यांचा वालुकाश्म मऊ, पाझरणारा. डोंगरातून ओल आली, मागून गिलावा सुटत गेला. 1982 नंतर उरलेली चित्रं भिंतीवरून सोडवून संग्रहालयात न्यावी लागली. अजिंठ्याच्या तोलाचं काम मागच्या बाजूने आलेल्या पाण्याने नेलं.

पाणी वगळलं तर माळव्याची हवा अशा घराच्या बाजूची आहे. पाऊस येतो तो जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, कोकणासारखा नाही. बाकी वर्षभर हवा कोरडी. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपासचं हे पठार. 1948 साली गायक कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन देवासला आले ते याच कोरड्या हवेसाठी, आणि टेकडीच्या पायथ्याशी अंथरुणावर पडून त्यांनी दारावरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी ऐकली. पुढे ते पुन्हा गायला लागले आणि देवास सोडून गेले नाहीत. फुप्फुसाला जी हवा मानवली ती काडालाही मानवेल असं म्हणायला वैद्यकीय आधार काही नाही, पण बुरशी दोन्हीकडे वाईटच.

उन्हाळ्याचं म्हणाल तर मातीची भिंत आणि काडाची भिंत यांचा स्वभाव वेगळा आहे. मातीची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते आतल्या माणसाला परत देते. मे महिन्यात रात्री अकरा वाजता भिंतीला पाठ लावून बसलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. म्हणून तर आम्ही गच्चीवर झोपायचो. काडात हवेचे लाखो कप्पे अडकलेले असतात, ते ऊन आत येऊच देत नाहीत. त्यावर आतून इंचभर मातीचा गिलावा असला की रात्रीचा गारवा तो धरून ठेवतो. चाळीस-बेचाळीस अंशांच्या दुपारी हा फरक कूलरच्या बिलात दिसेल.

भोजराजाच्या धारेत घरबांधणीचं शास्त्र नवं नाही. समरांगणसूत्रधार हा त्याच्या नावावरचा वास्तुग्रंथ. गणपतिशास्त्री यांनी संपादित केलेली प्रत बडोद्याहून 1924-25 साली दोन खंडांत निघाली. त्यात घरं, नगरं, मंदिरं, लाकूड असं सगळं आहे, आणि उडणाऱ्या यंत्राचंही वर्णन आहे. लोक तेवढंच लक्षात ठेवतात. घर बांधायचं राहिलं तरी चालेल, विमान आमचं होतं हे सिद्ध झालं पाहिजे.

सगळ्यात मोठी अडचण मला भिंतीची वाटत नाही, कागदाची वाटते. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण 2016 पासून सपाटीच्या भागात घरामागे 1 लाख 20 हजार रुपये देते, किमान 25 चौरस मीटरच्या घरासाठी. त्यात गैर काही नाही. गळक्या छपराखाली राहिलेल्या माणसाला पक्क्या घराचं मोल विचारावं. पण मातीची, गवताची भिंत कागदावर कच्ची ठरते, आणि कच्च्याला पैसा मिळतो तो कच्चं पाडून पक्कं करण्यासाठी. म्हणून धार जिल्ह्यातल्या पाड्यांवर आता चार इंची विटेच्या आणि सिमेंटच्या खोल्या उभ्या आहेत. आत मे महिन्यात बसवत नाही. त्यांच्या मागे, दहा पावलांवर, कुडाची जुनी झोपडी तशीच ठेवलेली असते आणि दुपारी घरातली माणसं तिथे असतात.

दुसरी अडचण बोलून दाखवायला बरी वाटत नाही. मातीचं घर दरवर्षी हात मागतं. दिवाळीआधी लिंपण, पावसाआधी भेगा बुजवणं, जमिनीला शेण, वर गेरू-खडूचे मांडणे. हे सगळं बायका करत. त्यांच्या हाताचं कौतुक करणारे लेख मी बरेच वाचले, त्या हातांना मजुरी किती पडली हे कुठे वाचलं नाही. गठ्ठ्यांच्या घरालाही तीच निगा लागणार, थोडी कमी, पण लागणार. ती कोण करणार हे घर बांधायच्या आधी ठरवावं, आणि ती फुकट धरू नये.

कुणाची धार-देवासकडे थोडी जमीन असेल तर एक विनंती आहे. येत्या चैत्रात शेजाऱ्याला नरवाई पेटवू देऊ नका, त्याच्याकडून काड विकत घ्या आणि एक खोली बांधून बघा. गठ्ठे पावसाआधी छपराखाली आणा. जोतं दोन फूट, पाखं तीन फूट, गारा पिकेपर्यंत थांबा. ठेकेदार सिमेंटच्या गिलाव्याचा आग्रह धरील. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.